तिथी विषम, तारीख सम

शेवभाजीवर सगळेच लिहितात. मी गाडीच्या चाकाला पोलीस लावतात त्या जामरवर लिहिणार आहे, कारण तीन दिवसांच्या खानदेश दौऱ्यातला सगळ्यात लक्षात राहिलेला पाऊण तास मी त्याच्या शेजारी उभं राहून काढला. भर एप्रिलमध्ये, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, हातात डांगर, म्हणजे खरबूज, घेऊन.

आम्ही सुरतचे. माझे वडील, आबा, १९८४ साली खानदेशातलं गाव सोडून उधन्याला उतरले आणि लूमवर लागले. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत गल्लीच्या गल्ल्या आमच्यासारख्यांच्या आहेत. घरात अहिराणी, दुकानात हिंदी, सरकारी कचेरीत गुजराती. मी शिकलो महापालिकेच्या मराठी शाळेत, त्यामुळे हे लिहिता तरी येतंय. आधार कार्डावर सुरत, गाडीच्या पाटीवर जीजे ०५. गाडी आबांच्या नावावर आहे. हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

२०२५ साली फुईने फोन करून बोलावलं. (आतेला आमच्याकडे फुई म्हणतात. गुजरातीत फोई. सुरतेत भाषेचं हे एवढं तरी सोपं गेलं.) आखाजीला या, तुझ्या आजोबांची घागर भरायची आहे, घरचा पुरुष पाहिजे, असं तिचं म्हणणं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतरांना सोनंखरेदीचा मुहूर्त, खानदेशाला दिवाळीच्या बरोबरीचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, एरवी देवभोळी असलेली माणसं त्या दिवशी उघडपणे पत्ते कुटतात. आणि पितरांसाठी पाण्याने भरलेली मातीची घागर मांडायची, तिच्यावर डांगर ठेवायचं. आबांचे गुडघे दुखत होते म्हणून ते आले नाहीत. निघताना त्यांनी एकच सांगितलं, डांगर वाजवून घे.

२९ एप्रिलला पहाटे निघालो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, कोंडाईबारीचा घाट, साक्री. नवापूरला पोरीला रेल्वे स्टेशन दाखवलं. तिथला एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, मधून रेघ मारलेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. पोरगी रेघेवर बसली, एक पाय इकडे एक तिकडे, तिचा फोटो काढला आणि पुढे निघालो. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

गावाचं नाव लिहीत नाही. धुळ्याच्या पुढे आहे, तालुक्याचं ठिकाण आहे, आणि फुईचा मोठा मुलगा नानाभाऊ तिथल्या पोलीस ठाण्यासमोर वकिली करतो. एवढ्यावर ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचलो, बाजारपेठेच्या रस्त्यावर गाडी लावून बर्फ आणि दूध घेतलं, घरी गेलो, जेवलो, झोपलो. काही झालं नाही. हे महत्त्वाचं आहे. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी अकराला फुई म्हणाली, घागर फुटकी निघाली, नवी आण, आणि डांगर आण. तृतीया दुपारी दोनच्या सुमारास संपते, त्याच्या आत आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवावर द्यायचा घास, पडली पाहिजे. मी गाडी काढली. त्याच रस्त्यावर, त्याच कडेला, जवळजवळ त्याच चाकोरीत लावली. खांबावर निळी पाटी होती, तिच्यावर मोठ्या अक्षरात पी आणि बाजूला एक. पार्किंग नंबर एक, असं मी समजलो. पाटीवर आणखी काहीतरी लिहिलेलं असणार, पण खालचा भाग एका फ्लेक्सने झाकला होता. कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस. गॉगल, पांढराशुभ्र शर्ट, आणि पायाशी तीस-पस्तीस शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो.

घागर घेतली, गाडीत ठेवली. चार गाड्यांवर डांगरं वाजवली, आबांच्या नावाने एक निवडलं. परत येतो तर पुढच्या चाकाला पिवळा जामर.

मला आधी राग आला नाही. वाटलं, चुकून लागलाय. शेजारच्या गाड्या बघितल्या तर शेजारी गाड्याच नव्हत्या. समोरच्या कडेला मात्र मुंगीला शिरायला जागा नाही. काल याच्या बरोबर उलट होतं, आणि हे मला त्या क्षणी आठवलं. ज्याच्याकडून डांगर घेतलं तो विक्रेता म्हणाला, "माले वाटनं तुमाले माहीत व्हई." त्याच्या डोळ्यांसमोर मी गाडी लावली, त्याच्या डोळ्यांसमोर जामर लागला, आणि या सगळ्या काळात तो मला डांगर विकत होता.

सावलीतून एक वाहतूक पोलीस आला. माझ्याहून वयाने लहान. त्याने नीट समजावून सांगितलं, हे मान्य करायला हवं. पी-एकच्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-दोनच्या बाजूला सम तारखेला. काल एकोणतीस होती, आज तीस आहे. रस्ता अरुंद, दोन्ही कडांना गाड्या लागल्या तर मधून बस जात नाही, आणि रोज एकाच बाजूच्या दुकानदारांनी त्रास का काढावा, म्हणून आळीपाळीने. ऐकताना मला पटत होतं, आणि पटतंय याचाच जास्त संताप येत होता. पुण्याच्या लोकांना हे पाळण्यापासून माहीत असेल. मी ज्या रस्त्यांवर गाडी शिकलो तिथं क्रेन येते, गाडी उचलते, आपण शिव्या देत मागे धावतो. तारीख बघून रस्त्याची कड बदलायची असते, हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं.

मी फ्लेक्सकडे बोट केलं. त्याने फ्लेक्सकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या फ्लेक्सबद्दल त्याला बोलायचं नव्हतं.

एव्हाना दहा-बारा जण जमले होते. कुणीतरी पाटी वाचून जाहीर केलं, "गाडी गुजरातनी शे." झालं. आता मी पाहुणा झालो. एक म्हातारा म्हणाला जाऊ द्या, सणाचा दिवस आहे, बाहेरचा माणूस आहे. तो माझी बाजू घेत होता आणि मला त्याचंच जास्त लागलं. मी इथलाच आहे, अशी मी अहिराणीत सुरुवात केली. "मी आठलाच शे, भाऊ."

"मंग नियम बी आठलाच लागी," पोलीस म्हणाला.

लोक हसले. मी अजून दोन वाक्यं बोललो, त्यात बहुतेक एखादा गुजराती शब्द घुसला असावा, कारण पुन्हा हसले. पोलीस शांतपणे म्हणाला, "अहिरानी बोलनात म्हनीसन दंड कमी नही व्हस."

मग मी आयुष्यातला सगळ्यात मूर्ख युक्तिवाद केला. म्हणालो, आज तृतीया आहे. तृतीया म्हणजे तीन. तीन विषम. मी बरोबर बाजूला आहे.

क्षणभर सगळेच गप्प झाले. म्हातारा बोटांवर काहीतरी मोजू लागला. पोलिसाच्या तोंडावरही जरासं आलं होतं, त्याने ते गिळलं आणि म्हणाला, "तिथी नही भाऊ, तारीख."

त्याने मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला, फोटो काढला, पाचशे रुपयांचं चलन झालं. मी तिथल्या तिथं भरायला तयार होतो. तो म्हणाला ऑनलाइन नंतर भरा, घाई नाही. घाई मला जामरची होती आणि जामरची किल्ली दुसऱ्याकडे होती, आणि तो दुसरा स्टँडकडे गेला होता.

म्हणून पाऊण तास. गाडीचं दार उघडून बघितलं तर आत भट्टी, तिथं डांगर ठेवलं असतं तर घागरीवर मुरांबा मांडावा लागला असता. तेव्हा ते हातात धरून उभा राहिलो. दर दहा मिनिटांनी फुईचा फोन. "कथा शे रे? बारा वाजी ग्यात!" मी सांगायचो आलोच. काय सांगणार? मधेच त्या पोलिसाने डांगराला टिचकी मारली, कान लावला आणि विचारलं, "कितलाले लिधं?" साठ, मी म्हटलं. "वीस रुप्या जास्ती दिधात." पाचशे गेले त्याचं मी समजू शकतो. या वीस रुपयांचं अजून डोक्यातून जात नाही.

मग त्याने कोपऱ्यावरच्या टपरीतून मला गार पाणी आणून दिलं. न मागता. खानदेशाच्या आदरातिथ्यावर बोलायचं तर एवढंच बोलतो, त्यांच्यासारखं कुणी करत नाही, फक्त ते करतात म्हणून बाकीचं काही सुटत नाही.

एवढ्यात आबांचा फोन. सुरतेहून. चलनाचा मेसेज गाडी ज्याच्या नावावर त्याच्या मोबाइलवर जातो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. आबांनी कुणाकडून तरी वाचून घेतला होता.

"पाचशे कसाना?"

मी सांगितलं. सम, विषम, पी-एक, फ्लेक्स, सगळं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग ते म्हणाले, "आपला गावमा? आपली गाडीले?" दंड कुठल्या राज्यात झाला याने त्यांना फरक पडत नव्हता. सुरतेत झाला असता तर त्यांनी मला झापलं असतं आणि विषय संपला असता. इथं त्यांना वाटलं, आपल्याला घरच्यांनी ओळखलं नाही. तो रस्ता कोणता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाले, तिथं तर बाजाराच्या दिवशी आम्ही बैलगाड्या सोडायचो. मी ते पोलिसाला सांगावं, अशीही त्यांची इच्छा होती. मी सांगितलं नाही.

शेवटी नानाभाऊचा मुलगा मोटारसायकलवर आला, घागर आणि डांगर घेऊन गेला, मी गाडीपाशी राहिलो. आगारी वेळेत पडली. ज्याला घरचा पुरुष म्हणून सुरतेहून बोलावलं तो त्या वेळी रस्त्यावर किल्लीची वाट बघत होता. पितर जेवून गेले, मी मागाहून पोहोचलो. पुरणपोळी, आमरस, सांजोरी, कुरडया, सगळं झाकून ठेवलेलं होतं. फुई समोर बसून वारा घालत होती आणि पोलिसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मग त्याचं आडनाव कळलं आणि तो तिच्या जावेच्या माहेरचा निघाला, तेव्हा तिने विषय बदलला.

रात्री गच्चीवर नानाभाऊने मला कायदा शिकवला. मोटार वाहन कायदा १९८८ चा, केंद्राचा, सगळ्या देशाला एकच. पण कुठल्या गल्लीत, कुठल्या कडेला, कुठल्या तारखेला गाडी लावायची हे जागोजागी ठरतं, त्याची अधिसूचना निघते, पाट्या लागतात. "पाटी लावली की तू वाचली असं धरलं जातं," तो म्हणाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ खाली पहिल्या वेळी पाचशे, पुन्हा केलंस तर दीड हजार. फ्लेक्सने झाकलेल्या पाटीचं काय, मी विचारलं. भांडता येईल, तो म्हणाला, चलन अमान्य आहे म्हणून तक्रार कर, कोर्टात ये, मी उभा राहतो. पाचशे रुपयांसाठी सुरतेहून तारखेला यायचं. आणि तारीख सम असेल की विषम? तो इतका हसला की खालून फुई ओरडली.

त्याने आणखी एक सांगितलं ते मला आवडलं. महिना एकतीसचा असला तर एकतीस विषम आणि दुसऱ्या दिवशी एक, तीही विषम. पी-दोनवाले दुकानदार त्या दोन दिवसांना खूश असतात आणि पी-एकवाले पालिकेला निवेदन द्यायच्या गोष्टी करतात. दरवेळी फक्त गोष्टी.

दुसऱ्या दिवशी १ मे. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, म्हणजे दोन्हीकडे स्थापना दिवस. बाजारात पी-एकच्या कडेला गाडी लावून मी पोरीसाठी कुल्फी घेतली, गरज नसताना. तो पोलीस दिसला नाही. फ्लेक्स होता. परतीचा प्रवास उकाड्यात आणि ट्रकांच्या मागे गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

चलन आबांनीच भरलं. शेजारच्या पोराकडून मोबाइलवर भरून घेतलं आणि वर त्याची पावती छापून आणली. मी म्हटलं, कागद कशाला, नोंद होते ऑनलाइन. ते काही बोलले नाहीत. २००६ च्या पुरात तापीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा त्यांचा गावच्या शाळेचा दाखला गेला होता. पुन्हा काढू काढू म्हणत राहून गेला. बाकीचे सगळे कागद सुरतचे. परवा विम्याची पॉलिसी शोधताना त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तर वरच ती पावती, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. मालक म्हणून त्यांचं नाव, खाली ठिकाण म्हणून गावाचं नाव. गावाचं नाव मशीनने चुकीचं छापलंय, एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झालीय. ती त्यांनी निळ्या पेनाने दुरुस्त केली आहे.