पद्मिनीची नोंदवही, भाग ७: गरम झाली की बंद

मागच्या नोंदीत गाडी धक्का न मारता अंगणाबाहेर आली, इथपर्यंत सांगितलं होतं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: १९८३ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, हँडल गिअर (म्हणजे गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी), चारही चाकांना ड्रम ब्रेक. गडहिंग्लजकडच्या एका डॉक्टरांच्या गोठ्याशेजारी अकरा वर्षं उभी होती. काम कोल्हापुरात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी.

ऑक्टोबर: खालचा पत्रा

ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली, त्याखालचा डांबरी थर खरवडला आणि स्क्रू ड्रायव्हर आरपार खाली गेला. वरून फ्लोअर धडधाकट दिसत होता. गंज खालून नव्हे, वरूनच लागला होता. फ्लोअरला पाणी निघून जायला रबरी बुचांची भोकं असतात, ती कुणीतरी कधीकाळी डांबर ओतून बुजवली होती. पावसात दाराच्या रबरातून झिरपलेलं पाणी मॅटखाली साठून राहायचं. तुमच्याकडे पद्मिनी असेल तर आजच मॅट उचला आणि ती भोकं मोकळी आहेत का ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

पत्रा कापायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या गाडीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालचे दोन्ही उंबरे, खांब आणि टप मिळून सगळा भार पेलतात. दोन्हीकडचे उंबरे एकदम कापले तर गाडी मधोमध खचते आणि मग दारं जन्मात नीट लागत नाहीत. म्हणून आधी फक्त उजवी बाजू घेतली. पुढच्या आणि मधल्या खांबामध्ये लोखंडी अँगल आडवा टाकून बोल्टने आवळला, गाडी चार स्टँडवर लेव्हल केली आणि दार लावून फटीतून दोन रुपयांचं नाणं वरपासून खालपर्यंत फिरवून पाहिलं. कापताना आणि वेल्डिंगच्या प्रत्येक टप्प्यानंतर तेच नाणं पुन्हा फिरवलं.

पत्रा १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा फर्मा कापून शिवाजी उद्यमनगरात नेला आणि मूळ फ्लोअरवर होत्या तशा उभ्या नाळी प्रेसवर मारून घेतल्या. सपाट तुकडा टाकून काम भागवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. पण पत्र्याला ताठरपणा त्या नाळींमुळे येतो. त्या नसतील तर चालत्या गाडीत फ्लोअर डब्यासारखा वाजत राहतो. वेल्डिंग सलग ओढलं नाही. एक टाका इथे, पुढचा समोरच्या टोकाला, मधे ओलं फडकं. दोन रविवार गेले, पण नाणं शेवटपर्यंत फिरत राहिलं. डावी बाजू दिवाळीनंतर केली, ती एकाच रविवारात झाली.

२ नोव्हेंबर: ब्रेक

इंजिनाच्या नादात ब्रेक मागे पडू नयेत म्हणून आधी तेच घेतले. चारही व्हील सिलिंडरचे रबर बदलले, मास्टर सिलिंडरची किट बदलली, मागचा लोखंडी पाइप गंजला होता तो नवा वाकवून घेतला. ब्रेक ऑइलमधली हवा काढताना पेडलवर आई बसली. “दाब, धर, सोड” हे तिने तासभर एका लयीत केलं, आणि दोनदा “अजून बुडबुडे येतायत का गं?” असं विचारलं तेव्हा खरंच येत होते. मास्टर सिलिंडर उजवीकडे आहे, म्हणून सगळ्यात लांबचं डावं मागचं चाक आधी, मग उजवं मागचं, मग पुढची दोन. आता पेडल अर्ध्यात घट्ट लागतं.

१६ नोव्हेंबर: वाघबीळच्या अलीकडे

पहिली लांबची फेरी पन्हाळ्याकडे. केर्ली ओलांडेपर्यंत गाडी सुरेख चालली. हंगाम सुरू झाल्याने उसाचे ट्रॅक्टर होते, त्यांच्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळावं लागलं. तापमानाचा काटा मधेच होता. वाघबीळच्या अलीकडच्या चढाला इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. वीस मिनिटांनी एका फटक्यात सुरू.

थांबून विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाने एकच निदान केलं: पेट्रोलची वाफ होतेय, इंजिनावरच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवा. मलाही ते पटलं. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या मळीतून आणि रसातून आलेलं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, आणि बॉनेटखाली फ्युएल पंपापाशी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. फडकं ठेवलं, गाडी सुरू झाली. परतताना शिवाजी पुलाच्या अलीकडे पुन्हा बंद, पुन्हा फडकं, पुन्हा सुरू. श्रेय फडक्याला दिलं. पुढच्या आठवड्यात पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घातले, एक्झॉस्टजवळचा पाइप लांबून फिरवला, पंपाखालचं तापरोधक पॅकिंग बदललं.

२३ नोव्हेंबर: पुन्हा तिथेच

अठराव्या मिनिटाला बंद. या वेळी प्लग पाना आणि रबरी हातमोजे घेऊनच गेले होते, आणि इंजिन गार व्हायच्या आत तपासायचं ठरवलं होतं. आधीच्या दोन्ही वेळा नुसती वाट पाहिली होती. वीस मिनिटांनी दोष स्वतःच निघून जायचा आणि हाती काही लागायचं नाही.

एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या घशात पाहिलं आणि ॲक्सिलरेटरची दांडी हाताने ओढली. पेट्रोलची धार स्वच्छ पडली. म्हणजे फ्लोट चेंबर, कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा साठा, भरलेला आहे आणि वाफेची गोष्ट तिथेच संपली. मग एक प्लग काढून वायरसकट इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि भावाला सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी पडली, पण बारीक, तांबूस, मरगळलेली. चांगली ठिणगी निळसर-पांढरी असते आणि तिचा टकटक आवाज ऐकू येतो.

प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. आतले कॉन्टॅक्ट पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच, जेमतेम ३०० किलोमीटर चाललेले, आणि तोंडं जळून निळी-करडी पडलेली.

तसेच थांबत-थांबत उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी पॉइंटकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “ह्यातलं नवीन काय काय घातलंय?” मी म्हटलं, पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी पडू न देणारा भाग), रोटर, सगळंच सप्टेंबरात बदललंय. ते म्हणाले, “मग ताई, नवा कंडेन्सर पैल्यांदा काढा. जुना हाय का ठेवलेला?”

होता. पहिल्या दिवसापासून गाडीतून निघालेली प्रत्येक वस्तू मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून, वर तारीख आणि जागा लिहून ठेवत आलेय. घरी येऊन ‘डिस्ट्रिब्युटर, सप्टेंबर’ लिहिलेला डबा उघडला. जुना कंडेन्सर एका स्क्रूचं काम. पॉइंट घासून गॅप ०.४५ मिलिमीटर केला. इंजिन अजून तापलेलंच होतं. सेल्फ मारला, पहिल्याच फिरकीला सुरू.

खात्री करायची म्हणून नवा कंडेन्सर टेबलावर घेतला. गार असताना मीटरवर ०.२२ मायक्रोफॅरड, अगदी हवा तसा. केस वाळवायच्या ड्रायरने दहा मिनिटं तापवला आणि रोध मोजला. गार असताना जो मीटरला अनंत दिसत होता, तो काही किलोओहमवर आला. गार झाला, पुन्हा अनंत. दुकानातल्या काउंटरवर तपासून दिला असता तरी तो पासच झाला असता.

हे असं का होतं ते लिहितेय, कारण पॉइंटवाल्या गाड्या चालवणारे आता थोडेच उरलेत आणि हे ज्ञान मिस्त्र्यांच्या हातात आहे, कागदावर फारसं नाही. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला (प्लगसाठी जास्त व्होल्टची वीज तयार करणाऱ्या गुंडाळीतला) प्रवाह झटकन तुटायला हवा. तो जितका झटकन तुटेल तितकी प्लगची ठिणगी जोरदार. पण प्रवाहाला तुटायचं नसतं, तो पॉइंटच्या फटीतून उडी मारू पाहतो. ती उडी कंडेन्सर पोटात घेतो. तापल्यावर तो गळका झाला की ठिणगी पॉइंटवरच पडते. पॉइंट जळतात आणि प्लगला मिळते ती उरलीसुरली ठिणगी. म्हणून जळलेले पॉइंट दिसले की पॉइंटला दोष देण्याआधी कंडेन्सर पाहा.

डिसेंबर: बदल, पण परत फिरता येईल असे

पॉइंटच्या जागी चुंबकीय सेन्सरचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं आता नक्की केलंय. ते डिस्ट्रिब्युटरच्या पोटात बसतं, बाहेरून काही दिसत नाही. पॉइंटची मूळ प्लेट कंडेन्सरसकट डिकीत राहील. रस्त्यात मॉड्यूल गेलं तर अर्ध्या तासात जुनं परत लावता येतं.

या गाडीवर मी एकही असा बदल करणार नाही जो पाना-स्क्रू ड्रायव्हरने उलटा फिरवता येत नाही. एक तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालत नाही. दुसरं म्हणजे २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम: ५० वर्षं झालेली आणि मूळ रूप राखलेली गाडी त्यात नोंदवता येते. माझी २०३३ मध्ये पन्नाशीची होईल. तिसरं कारण मला जास्त जवळचं आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून निघू लागलेली आणि पुढे पद्मिनी झालेली ही गाडी मुंबईच्या काळी-पिवळीतूनही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. आता ज्या उरल्यात, त्या आपल्यासारख्यांच्या शेडमध्येच.

हँडल गिअर काढून खाली गिअर बसवा, असं मला सगळेच सांगतात. पद्मिनीच्या शेवटच्या एस-वन मॉडेलमध्ये कंपनीनेच खाली दिला होता हे खरं. पण दुसरा गिअर चुकत होता तो दांड्यांच्या झिजलेल्या बुशांमुळे. लेथवर नायलॉनचे सहा बुश करून घेतले, आता गिअर बोटाने पडतो.

जेटचं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्याचं, गणित आवडेल काहींना. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आठेक टक्के पातळ पडतं. माझे प्लग खडूसारखे पांढरे निघत होते, ते यामुळेच. माझ्या सोलेक्स कार्ब्युरेटरच्या मेन जेटवर ११५ आकडा होता, म्हणजे १.१५ मिलिमीटरचं भोक. १२० चा घातला की भोकाचं क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढतं. तोच घातला. प्लग आता फिकट बदामी आहेत आणि चढाला अडखळणं गेलं. भोक कोरून मोठं करू नका, जेट विकत घ्या. ११५ चा जेट डब्यात आहे.

हेडलाइट अंधूक होते. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, बल्बच्या पिनवर १०.३. मधले सव्वादोन व्होल्ट चाळीस वर्षांच्या स्विचमध्ये आणि वायरीत जिरत होते. दोन रिले (विजेने चालणारे स्विच), बॅटरीजवळ फ्यूज, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर; जुना स्विच आता फक्त रिले चालवतो. बल्बवर १२.२ आले. मूळ वायरिंग कुठेही कापलं नाही.

४ जानेवारी

भाऊ, आई आणि मी, पन्हाळा. वाघबीळला थांबलो नाही. वर पुसाटी बुरुजापाशी इंजिन मुद्दाम बंद केलं, बॉनेट झाकलेलंच ठेवून पाच मिनिटं थांबलो, म्हणजे उष्णता आतच कोंडेल. सेल्फ मारला. सुरू. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. आई म्हणाली, “आता पुरे, चहा घेऊ.” मीटरवर ६७,४१२ किलोमीटर.

उतरताना डाव्या पुढच्या चाकात हलका खडखडाट जाणवला. जॅक लावून चाक वर-खाली हलवलं तर किंगपिनमध्ये, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिच्यात, ढिलाई आहे. पुढच्या रविवारी तो उतरवतेय.