‘सौम्य लाठीमार’ आणि माझा डावा हात

रास्ता रोको जवळजवळ संपला होता. कांद्याच्या भावासाठी आम्ही शे-दीडशे जण हायवेवर बसलो होतो, नायब तहसीलदार निवेदन घेऊन गेले होते आणि मी उठून खिशात गाडीची किल्ली चाचपत होतो. तेवढ्यात मागून कुणीतरी दगड भिरकावले. कुणी, ते मला आजही माहीत नाही. आमच्यातलाच असणार, आणि केलं ते चूकच. पुढच्या मिनिटाभरात हेल्मेटवाले आत घुसले. काठी डोक्यावर येताना दिसली म्हणून डावा हात आडवा धरला. कट्‌ असा आवाज आधी आला, कळ नंतर.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी: ‘जमाव पांगवण्यासाठी सौम्य लाठीमार.’

त्या दिवशी एक गोष्ट मी बरोबर केली, ती म्हणजे थेट सरकारी दवाखाना गाठला. तिथे ‘कसं लागलं?’ विचारल्यावर ‘पोलिसांच्या काठीनं’ असंच सांगितलं आणि एमएलसीच्या, म्हणजे पोलीस केस होऊ शकेल अशा जखमेच्या दवाखान्यातल्या नोंदीच्या, कागदावर तसंच लिहून घेतलं. आमच्यातल्या दोन पोरांनी घाबरून ‘मोटारसायकलवरून पडलो’ सांगितलं. त्यांचं प्रकरण तिथेच मिटलं. कागद त्यांच्याच तोंडचा, मग पुढे बोलणार काय?

हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. मनगट शाबूत, कोपर शाबूत, मधलं करंगळीच्या बाजूचं हाड आडवं तडकलेलं. म्हणाले, “सर, याला आमच्या पुस्तकात नाइटस्टिक फ्रॅक्चर म्हणतात. नाइटस्टिक म्हणजे पोलिसाचा दंडुका. माणूस पडला की तळहात टेकतो, मग बहुतेक वेळा मनगटापाशी मोडतं. डोकं वाचवायला हात पुढे केला की इथे.” हे वाक्य मी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवलं. पुढे तेच कामाला आलं.

चौथ्या दिवशी गळ्यात झोळी अडकवून पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो, तर कळलं की मीच आरोपी. तेवीस जणांची नावं, शिवाय ‘इतर १०० ते १५०’. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ (१)(३), म्हणजे जमावबंदी, त्यासोबत ती मोडल्याच्या शिक्षेचं १३५, आणि वर सरकारी कामात अडथळा. माझं नाव वडिलांच्या नावासकट, वयासकट, अगदी अचूक. माझा अर्ज मात्र ठाणे अंमलदारांनी उलटसुलट करून पाहिला. “सर, कुणाविरुद्ध लिहू? नाव सांगा.”

आता नाव कुठून सांगू? हेल्मेट, काच खाली, आणि छातीवर ते जाड जॅकेट. नावाची पट्टी असलीच तर त्याच्या आत.

पोच मिळाली नाही. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षक कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. दीड महिन्यानं उत्तर आलं: ‘अर्जदार हा पळापळीत पडून जखमी झाल्याचे निष्पन्न होते.’ निष्पन्न कशावरून, तर ते नाही. माझा जबाबच कुणी घेतला नव्हता.

मधल्या काळात लोकांचं ऐकून घेणं चालूच होतं. चहाच्या टपरीवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच सूर, “दगड मारल्यावर काठी पडणारच ना, सर!” पडू दे की. संहितेचं कलम १४८ सांगतं की आधी पांगायचा हुकूम द्यायचा, जमाव हटला नाही तर बळ वापरायचं. म्हणजे बळ पांगवण्यासाठी आहे, शिक्षेसाठी नाही. उठून निघालेल्या माणसाला आणखी कुठे पांगवायचं? अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला, तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर माफी मागितली. राज्यभर गाजलेल्या प्रकरणात ते होतं. आमच्या फाट्यावर कॅमेरेही नव्हते. एका हॉटेलवाल्याकडे सीसीटीव्ही होता, पण मी विचारायला गेलो तोवर पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं. तो हलगर्जीपणा माझा.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं पोलीस तक्रार प्राधिकरण नावाची गोष्ट आहे, हे मला वकीलताईंनी सांगितलं. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ ला राज्यांना जे आदेश दिले, त्यातला हा एक. महाराष्ट्रानं त्यासाठी २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. हाड मोडलं की कायद्यानं ती गंभीर दुखापत, म्हणून तिकडे जाता येईल असं त्यांचं मत. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, एमएलसी, एक्स-रे आणि डॉक्टरांचं ‘पडून नव्हे, आघातानं’ असं लेखी मत. एवढं झाल्यावर त्याही तिथेच येऊन थांबल्या. “बळ जास्त वापरलं की कमी, यावर आपण तासभर भांडू. पण ते वापरलं कुणी?”

म्हणून माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून त्या दिवसाच्या बंदोबस्ताची यादी मागितली. कलम ८(१)(ज) खाली नकार, ‘तपासात अडथळा येईल’. वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं. सुनावणीत मी एवढंच विचारलं, “साहेब, झालेल्या बंदोबस्ताची यादी दिल्यानं कोणता तपास अडतो, ते लिहून द्या.” त्यांनी ते लिहून दिलं नाही, यादी दिली.

बासष्ट नावं. त्यातली आमच्या पॉइंटवर अकरा. दोघांसमोर ‘जखमी’ असा शेरा. त्या दगडांनीच असणार. मी ती अकरा नावं बराच वेळ वाचत बसलो. माझ्या हातावर काठी यातल्या एकाची, आणि दहा जणांचा माझ्याशी काही संबंध नाही. तक्रारीत ‘खालीलपैकी एक’ असं लिहिताना बरं वाटलं नाही. तरी लिहिलं. प्राधिकरणाकडून तक्रारीला नंबर मिळालाय. सरकारी कामात अडथळ्याची केस माझ्यावर आहेच, तिची तारीख पुढच्या महिन्यात.

परवा बाजारात भाजी घेत होतो. साध्या कपड्यातला एक ओळखीचा हवालदार शेजारी येऊन मेथी निवडू लागला. मी काही बोललो नव्हतो. माझ्या हाताकडे न बघताच तो म्हणाला, “सर, मी त्या दिवशी बंदोबस्ताला नव्हतो बरं का.”

मी म्हटलं, “माहितीये. यादी आहे माझ्याकडे.”