आमची वाटचाल : आगळाची बाटली आणि खोक्यातली हवा

आमचा धंदा तसा घरगुतीच, रत्नागिरीजवळ कोकमाचं आगळ, आमसुलं, थोडं सरबत. आधी माल एसटीच्या पार्सलने मुंबईच्या ओळखीच्या दुकानांत जायचा, मग लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद आणि लोक व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्यायला लागले, तिथून जे ऑनलाइन सुरू झालं ते आजतागायत.

काचेची बाटली कुरियरने पाठवायची म्हणजे धाकधूकच, आगळाचा डाग असा की एक फुटली तर शेजारच्या पार्सलचीपण वाट. म्हणून सगळे करतात तेच आम्हीपण करायचो, मोठा खोका, आत बबल रॅपचे वेढे, वरून ब्राऊन टेप गच्च.

खरं सांगायचं तर पर्यावरण नंतर, आधी कुरियरचं बिल दिसलं. ते लोक नुसतं वजन बघत नाहीत, लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात, ते झाले किलो, आणि खरं वजन की हे, जे जास्त त्याचे पैसे लावतात. 30 बाय 25 बाय 20 चा खोका म्हणजे 3 किलो धरणार, आत माल जेमतेम सव्वा किलो! बाकी सगळी हवा, आणि ट्रकमध्ये जागा अडवते तीपण हवाच, डिझेल जळतं ते वेगळं. मग पुठ्ठेवाल्याकडून बाटलीच्या मापाचा पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांचा, खोका करून घेतला, 12 बाय 12 बाय 34, भागाकार एक किलोच्या आत. आता खऱ्या वजनाचेच पैसे जातात.

आत पेंढा घालतो, हापूसच्या पेटीत असतो तोच. परदेशच्या पार्सलात मात्र कागदाच्या पट्ट्या, पेंढा बऱ्याच देशांत चालत नाही.

टेपचं कुणी मनावर घेत नाही. भंगारवाला पुठ्ठा आनंदाने नेतो, बबल रॅपला हात लावत नाही, आणि मिलमध्ये पुठ्ठा पाण्यात घुसळून लगदा करतात तेव्हा ब्राऊन टेप तशीच्या तशी उरते, ती गाळून फेकायची. म्हणून आम्ही कागदी गम टेप आणली, ओल्या स्पंजवरून ओढून चिकटवायची, थोडा वेळ जातो पण खोका अख्खाच रद्दीत जातो.

पावसाळ्यात मात्र आमचं काही चालत नाही. कोकणातला जुलै, खोका सादळून मऊ पडतो, गम टेप सुटते. तेव्हा बाहेरून प्लास्टिकची पिशवी घालतोच, काही गिऱ्हाइकं नाराज होतात, होऊ देत, फुटलेली बाटली परत पाठवण्यात कुणाचं भलं आहे? पुठ्ठेवाला मेण लावलेला खोका घ्या म्हणतो, पण मेणाचा पुठ्ठा लगद्याला नीट जात नाही, त्यापेक्षा पिशवी बरी, ती निदान सोडवून वेगळी ठेवता येते.