देवानं बोलावलंय, मग शिकायचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न बहुतेकदा उपासना संपल्यावर, लोक पांगत असताना येतो. विचारणारं कोणीतरी पंचविशीच्या आसपासचं असतं. "मला पाळक होण्याचं पाचारण झालंय, त्याबद्दल मनात शंका नाही. बायबल रोज वाचतो, प्रार्थना करतो, तरुणांच्या सभेत बोलतोही. मग पदवी झाल्यावर आणखी तीन-चार वर्षं थिऑलॉजीत, ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकण्यात, कशाला घालवायची? येशूचा शिष्य पेत्र कुठल्या सेमिनरीत गेला होता पाळक व्हायचं शिकायला?" कधी आईवडील बाजूला घेऊन हळूच विचारतात, "तिथं शिकून पोराचा विश्वास तर उडणार नाही ना?"

पेत्रापासूनच सुरू करू. पेत्र येशूच्या मागं अक्षरशः चालत होता, रोज ऐकत होता, आणि तरी त्या काळात कितीदा तरी भलतंच बोलून गेला. येशूचं रूप तेजानं पालटलं त्या डोंगरावर तो तीन मंडप बांधायची भाषा करतो आणि शुभवर्तमान लिहिणारा मार्क लगेच सांगतो की काय बोलावं हे त्याला कळत नव्हतं. मला त्याहून जवळचा वाटतो अपुल्लोस. नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात तो येतो: उत्तम वक्ता, शास्त्रात पारंगत, आवेशानं भरलेला. सभास्थानात तो बोलत असताना प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे तंबू करणारं जोडपं ते ऐकतं. ती दोघं त्याला चारचौघांत खोडून काढत नाहीत. आपल्याकडे घेतात आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगतात. अपुल्लोसाला पाचारण नव्हतं असं कोण म्हणेल? तरी त्याला शिकावं लागलं. शिकवणाऱ्यांत एक बाई होती, हेही मला फार मोलाचं वाटतं.

आता माझं. शिकायला जाण्याआधी मी मंडळीतल्या घरांना भेटी द्यायला जायचे. वचनं तोंडपाठ होती, बोलायला मी कधी अडखळायचे नाही. एका घरी लहान मूल गेलं होतं. मी त्या आईजवळ बसले आणि बोलत राहिले. देव बागेतलं सगळ्यात सुंदर फूल आधी खुडतो. आपल्याला सोसेल तेवढंच तो देतो. त्याची काहीतरी योजना असेल. ती आधी माझ्याकडे बघत होती, मग भिंतीकडे बघायला लागली. पुढं तिनं मला कधी बोलावलं नाही.

सेमिनरीत दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी मी ते सगळं बोलणं आठवून कागदावर उतरवलं आणि प्रत्येक वाक्यासमोर त्याचं वचन लिहायला बसले. फुलाचं वाक्य कुठंच सापडलं नाही. सोसेल तेवढंच, हे मी करिंथकरांच्या पहिल्या पत्रातून उचललं होतं. दहावा अध्याय उघडला, तर तिथं ते पत्र लिहिणारा पौल मोहात पडण्याबद्दल बोलतोय. ज्याच्या घरातलं मूल गेलंय अशा माणसाशी तो बोलतच नाहीये. देवाच्या नावानं मी जे बोलले होते, ते त्याचं बोलणं नव्हतं. तीन वर्षं कशाला, याचं माझं उत्तर तो कागद आहे.

तिथं शिकवतात काय, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. जगभर साचा साधारण सारखाच: पदवीनंतर तीन किंवा चार वर्षं, एम.डिव्ह. किंवा बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी. विषय म्हणजे हिब्रू, ग्रीक, जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, सिद्धान्त, नीतिशास्त्र, उपदेश, पाळकीय सेवा. सेमिनरी हा शब्द लॅटिनमधल्या रोपवाटिकेवरून आलाय. १५६३ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं प्रत्येक धर्मप्रांतात याजकांसाठी अशी रोपवाटिका असावी असा ठराव केला. त्याआधी किती याजक धड न शिकताच वेदीपाशी उभे राहत आणि त्याचं लोकांना काय भोगावं लागे, हा इतिहास पहिल्याच वर्षी वाचायला मिळतो. वाचताना मला स्वतःची लाज वाटली होती.

ग्रीक म्हटलं की निम्मे जण घाबरतात. सुरुवातीला नुसतं पाठांतर असतं हे खरं. पण एक दिलासा सांगते. नव्या करारात पन्नास किंवा अधिक वेळा येणारे शब्द जेमतेम ३२० आहेत, आणि तेवढ्यांवर सुमारे ८० टक्के मजकूर उलगडतो. कष्ट फुकट जात नाहीत. 'येशूला त्यांचा कळवळा आला' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. तिथला ग्रीक शब्द स्प्लांख्निझोमाय. त्याच्या मुळाशी स्प्लांख्ना, म्हणजे आतडी. आपण म्हणतो ना, पोटात आतडं तुटलं, तेच. हे क्रियापद नव्या करारात फक्त बारा ठिकाणी आहे, सगळी मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात. आणि ते एक तर स्वतः येशूबद्दल आहे, नाहीतर त्याच्या दाखल्यांतल्या माणसांबद्दल: कर्ज सोडणारा धनी, जखमी माणसापाशी थांबणारा शोमरोनी, वाटेकडे डोळे लावून बसलेला बाप. शिक्षकांनी ती बारा वचनं फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि काही न बोलता खडू ठेवला. त्या आईसमोर माझं आतडं तुटलं होतं का? मला आठवतं ते एवढंच की मी पुढचं वाक्य शोधत होते.

पोप ग्रेगरी (या नावाचे पहिले) यांनी ५९० च्या सुमारास पाळकांसाठी लिहिताना हेच विचारलं होतं. औषधांचा गुण माहीत नसलेला माणूस स्वतःला वैद्य म्हणवायला लाजतो. मग मनाच्या जखमा आतड्यांच्या जखमांपेक्षाही खोल दडलेल्या असताना, न शिकता त्यांना हात लावायला लोक इतके सहज कसे धजावतात?

हिब्रूनं मला ८८वं स्तोत्र दिलं. विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी वळतात. रडगाऱ्हाणं संपता संपता स्तुती येते. हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. त्यावर निबंध लिहिताना मी शेवटी आशेचा एक परिच्छेद जोडला होता. तो शिक्षकांनी कंसात घातला आणि बाजूला लिहिलं, 'हे स्तोत्रकर्त्यानं लिहिलेलं नाही.' तेव्हा राग आला होता. मंडळीनं शतकानुशतकं हे स्तोत्र आहे तसं, अंधारावर संपणारं, उपासनेत ठेवलंय. एखाद्याला आज स्तुती करता येत नसेल तर त्याच्यासाठीही शास्त्रात जागा राखलेली आहे. माझा तो परिच्छेद ती जागा बुजवत होता.

विश्वास उडतो का? खोटं सांगणार नाही, हादरा बसतो. माझ्या वर्गात तो मार्काच्या शेवटच्या पानावर बसला. बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या दोन्ही हस्तलिखितांत मार्काचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतं. स्त्रिया कबरेपासून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्यांना भीती वाटते. पुढची बारा वचनं त्या हस्तलिखितांत नाहीत. एक मुलगा वर्गातून उठून गेला. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. मीही त्या रात्री नीट झोपले नाही. पण हे त्याला कधी ना कधी कळणारच होतं. पाळक झाल्यावर, एकटा असताना, मोबाइलवर कुठंतरी वाचून कळण्यापेक्षा प्रार्थना करणाऱ्या माणसांच्या सोबतीत कळलं, हे मी भाग्य समजते. ज्या शिक्षकांनी हे शिकवलं तेच दुसऱ्या दिवशी सकाळी चॅपलमध्ये गुडघे टेकून होते. आईवडिलांना मी हेच सांगते: अभ्यासक्रम बघाच, पण तिथले शिकवणारे प्रार्थना करतात का, हे आधी बघा.

जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३५ ते १९३७ या काळात, हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोनं, बंद पाडेपर्यंत, फिंकेनवाल्डची सेमिनरी चालवली. तिथले विद्यार्थी विद्यापीठात शिकून आलेले होते. त्यांना रोज सकाळी अर्धा तास शांत बसावं लागे, आणि आठवडाभर समोर तोच एक छोटा उतारा. त्यावर उपदेश तयार करायचा नाही, टिपणं काढायची नाहीत. अनेकांना ते सुरुवातीला जमेना. मला त्यात नवल वाटत नाही, मलाही अजून काही सकाळी जमत नाही.

आणि मग इस्पितळातलं प्रशिक्षण, रुग्णांना भेटायचं. पुष्कळ जण हा भाग नकोसा म्हणून टाळू पाहतात, पण मी म्हणेन की एक विषय सोडायची मुभा मिळालीच तर दुसरा कुठलाही सोडा. याची सुरुवात अँटन बॉयसन यांच्यापासून झाली. ते दीक्षा झालेले पाळक होते. १९२० मध्ये त्यांना स्वतःलाच तीव्र मानसिक आजारानं इस्पितळात राहावं लागलं. बरे झाल्यावर ते अमेरिकेतल्या वूस्टर इथल्या मनोरुग्णालयात चॅप्लिन, म्हणजे रुग्णांचे पाळक, झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी थिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांना तिथं शिकायला बोलावलं. त्यांचं म्हणणं असं, की ग्रंथ वाचता तशी जिवंत माणसंही वाचायला शिका. आज या प्रशिक्षणाचं एक सत्र साधारण ४०० तासांचं असतं.

त्यातलं मुख्य काम म्हणजे व्हर्बेटिम. रुग्णाला भेटून यायचं आणि झालेलं बोलणं शब्दन् शब्द लिहून काढायचं: त्या काय म्हणाल्या, मी काय म्हणाले, कोण कुठं गप्प झालं. मी एका आजींना भेटून आले होते. भेट छान झाली, असं मला वाटत होतं. दोन पानं लिहिली, शेवटी प्रार्थनाही केली होती. आमच्या मार्गदर्शकांनी लाल पेन घेतलं आणि आजींच्या बोलण्यातला एक शब्द तीनदा अधोरेखित केला. दिवे. रात्री इथं दिवे बंद करतात. दिवे गेले की मला झोप लागत नाही. घरी मी एक दिवा ठेवायचे. मग त्यांनी माझं बोलणं वाचलं. मी मुलांबद्दल विचारलं होतं, औषधांबद्दल विचारलं होतं, तेविसावं स्तोत्र वाचलं होतं.

"उताऱ्यात एखादा शब्द तीनदा आला तर तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"खूण करते. तिथं थांबते."

"मग इथं?"

मी परत वरच्या मजल्यावर गेले आणि आजींना दिव्याबद्दल विचारलं. त्या पाऊण तास बोलत होत्या. त्यांचे पती रात्री, दिवा मालवल्यावर गेले होते. मी त्या पाऊण तासात फार तर चार वाक्यं बोलले असेन. ग्रीकच्या वर्गात आणि त्या खाटेपाशी मी एकच गोष्ट शिकत होते, हे मला जिना उतरताना उमगलं.

सगळं मात्र तिथं शिकवत नाहीत. दोन कुटुंबांतलं जुनं वैर, कमिटीतली ओढाताण, थकलेल्या शरीरानं सलग तिसरा अंत्यविधी करणं, हे पुढं मंडळीच शिकवते. पदवी हातात आली म्हणजे पाळक तयार झाला, असंही मी कधी म्हणत नाही.

पुढच्या वर्षी अर्ज भरायचा विचार असेल तर त्याआधी एक करा. मार्काचं शुभवर्तमान सलग, मोठ्यानं वाचून काढा. दीड तासाच्या आसपास लागेल. मध्ये उठू नका, खुणा करू नका. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी थांबा आणि पुस्तक मिटा. काय वाटलं ते लगेच कोणाला सांगू नका. एक रात्र जाऊ द्या, मग मला फोन करा.