चादर कारखान्यातला काळा फोन: भाग बदलल्यानंतरची तपासणी

सोलापूरच्या साखर पेठेतील एका चादर कारखान्याच्या पेढीवर अनेक वर्षे वापरात असलेला आयटीआयचा (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा) काळा, तबकडीचा फोन सध्या माझ्या टेबलावर आहे. १९४८ साली बेंगळुरूत सुरू झालेल्या या सरकारी टेलिफोन कारखान्याचे संच एके काळी गावोगावच्या पेढ्यांवर दिसत, त्यामुळे जुन्या बाजारात त्यांचे सुटे भाग अजून मिळतात. हँडसेटची कडक होऊन तडकलेली दोरी, घंटीच्या मार्गातला कपॅसिटर, बोलण्याकडचे कार्बन कॅप्सूल (मायक्रोफोन) आणि तबकडीतील पत्त्यांचा (लाइनचा मार्ग जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा) संच व गव्हर्नर (तबकडीचा परतण्याचा वेग आवरणारा भाग) असे भाग मी बदलले. पत्त्या आणि गव्हर्नर दुसऱ्या एका मोडक्या संचातून घेतले आहेत.

जोडणी पूर्ण झाल्यावर डायल टोन स्वच्छ आला. मात्र ७ फिरवल्यावर कधीकधी ६ लागे, तबकडी परतताना कानात मोठी टकटक ऐकू येई, पलीकडच्याला आवाज पोहोचत नसे आणि घंटी अगदी क्षीण वाजे. फायबरच्या जोडणीवरील अनेक उपकरणे तबकडीचे पल्स, म्हणजे लाइन क्षणभर तोडून दिलेले ठोके, ओळखतच नाहीत, म्हणून ही सगळी तपासणी मी पल्स स्वीकारणाऱ्या एका जुन्या ईपीएबीएक्सवर (कार्यालयातल्या छोट्या खासगी एक्स्चेंजवर) केली. तसे केले नाही, तर दोष फोनमध्ये आहे की लाइनमध्ये, हेच ठरवता येत नाही.

सर्वाधिक वेळ तबकडीने घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता. तबकडी परतताना लाइनचा मार्ग जितक्या वेळा तुटतो तितका अंक एक्स्चेंज मोजते. ० साठी तो १० वेळा तुटतो. स्ट्राउजर पद्धतीच्या जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये प्रत्येक पल्सला निवडक यंत्र एकेक पायरी चढत असे, त्यामुळे सेकंदाला १० पल्स हा वेग आणि प्रत्येक पल्समधील सुमारे दोन तृतीयांश वेळ मार्ग तुटलेला, हे प्रमाण ठरून गेले. घड्याळ हातात धरून हे मोजता येत नाही. मी पल्सच्या पत्त्या मूळ सर्किटपासून सोडवून एक सेल व रेझिस्टर यांच्यामार्फत संगणकाच्या ध्वनी-इनपुटला जोडल्या आणि ० फिरवून नोंद घेतली. पत्त्या उघडताना एका दिशेला आणि मिटताना उलट दिशेला टोकदार शिखर उमटते, आणि त्यांमधील अंतर मिलिसेकंदांत वाचता येते.

पहिल्या तुटण्यापासून दहाव्या तुटण्यापर्यंत नऊ अंतरे असतात, म्हणजे योग्य वेगाला तिथे ९०० मिलिसेकंद लागायला हवेत. माझ्या नोंदीत ते ७६० च्या आसपास होते. वेग सेकंदाला जवळजवळ १२ पल्सवर गेला होता. शिवाय मार्ग तुटलेला राहण्याचा काळ जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक होता. पल्स घाईचे आणि तुटणे अपुरे असले, की एखादे तुटणे मोजणीतून निसटते आणि सातचा सहा होतो.

गव्हर्नरची रचना अतिशय सुंदर आहे. बारीक दांड्यावर स्प्रिंगने आत ओढून धरलेली दोन छोटी वजने असतात. दांडा वेगाने फिरू लागला की ती बाहेर फाकतात आणि भोवतालच्या पितळी वाटीच्या आतल्या भिंतीला घासून वेग आवरतात. मोडक्या संचातून आलेल्या वाटीत जुन्या तेलाचा पातळ थर होता, त्यामुळे वजने घासण्याऐवजी घसरत होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने वाटी आणि वजनांचे टोक पुसल्यावर वेग बराच खाली आला. उरलेला फरक स्प्रिंगचा ताण किंचित कमी करून भागला, कारण ताण कमी झाला की वजने लवकर फाकतात. तेल फक्त दांड्याच्या टोकांना, सुईच्या अग्राइतकेच द्यावे. वाटीत ते कधीही जाऊ देऊ नये.

एवढे करूनही पल्समधील अंतरे एकसारखी येत नव्हती. दांड्यावरील मळसूत्री दात भिंगातून पाहिले, तेव्हा त्यांच्या खाचेत लाल रंगाचा सुताचा तंतू घट्ट गुंडाळलेला दिसला. यंत्रमागांच्या परिसरात हवेत सुताचे बारीक तंतू सतत उडत असतात आणि ते बंद पेटीतही शिरतात. आपल्या सोलापुरातील जुने संच उघडणाऱ्यांनी ही जागा आधी पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. चिमट्याने तंतू काढल्यावर अंतरे समान झाली. नंतर पल्सच्या दोन पत्त्यांमधील फट अगदी थोडी वाढवली आणि तुटण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवर आणले. आता ० च्या त्या नऊ अंतरांना ९०५ मिलिसेकंद लागतात आणि ०२१७ हा आपला सोलापूरचा एसटीडी कोड दरवेळी अचूक जातो.

कानातल्या टकटकीचे कारण वेगळे होते. तबकडी जागेवरून हलताच मिटणाऱ्या पत्त्यांची आणखी एक जोडी असते, आणि ती रिसीव्हरचा मार्ग शॉर्ट करून पल्सचा आवाज कानापर्यंत येऊ देत नाही. मोडक्या संचातील ही पत्ती मिटतच नव्हती. ती सरळ करून टोके साफ केल्यावर टकटक थांबली.

आवाजाचा दोष लवकर सापडला. नवे कॅप्सूल कार्बनचे नसून आतून इलेक्ट्रॉनिक आहे आणि त्याला धन-ऋण दिशा लागते, तर कार्बनच्या कॅप्सूलला ती लागत नाही. तारा कशाही जोडल्या तरी दिशा योग्यच मिळावी, म्हणून चार डायोडांचा ब्रिज त्याच्या आधी बसवला. तरीही कार्बनच्या आवाजाची ऊब मला अधिक आवडते. चांगले कॅप्सूल मिळाले की तेच बसवीन.

घंटीचा कपॅसिटर मुद्दाम २५० व्होल्टचा, पॉलिस्टर प्रकारचा घेतला आहे. घंटीचा ७५ व्होल्टचा एसी शिखराला १०६ व्होल्टपर्यंत जातो आणि त्यात लाइनचे ४८ व्होल्ट मिळवले की १५४ होतात, त्यामुळे १०० व्होल्टचा कपॅसिटर तिथे पुरणार नाही. कॉइलमध्ये तुटलेपणा नाही. घंटीच्या वाट्या मध्यापासून जराशा बाजूला बसवलेल्या असल्याने त्या फिरवल्या की हातोडीपासूनचे अंतर बदलते. डावी वाटी अशी फिरवून खणखणीत झाली, पण उजवी अजून दबकी वाजते. ज्यांच्याकडे आयटीआयचा असा चालू संच असेल, त्यांनी हातोडी स्थिर असताना तिच्यापासून दोन्ही वाट्यांची मोकळी अंतरे फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाने) मोजून कळवावीत. त्यावरून हातोडीचा दांडा वाकवायचा की नाही, हे ठरवता येईल.