कापेन्गुरियाचा उतार: पोकोटांच्या मुलखात

केनियाला जाणारी आपली बहुतेक मंडळी मसाई मारात सिंह बघून परत येतात. आम्ही गेलो थेट पश्चिमेला, युगांडाच्या सीमेलगतच्या पोकोट जमातीच्या मुलखात. किटालेहून लोडवारकडे जाणारा महामार्ग कापेन्गुरियाजवळ दोन हजार मीटरच्या वर असतो आणि मारिच खिंडीपर्यंत हजार मीटरच्या आसपास उतरतो. हा उतार दिवसाउजेडी आणि सावकाश उतरा, हा माझा मुख्य सल्ला. कारण इथे उंची बदलते तसं जगणं बदलतं. पोकोट स्वतःच आपल्यात दोन भाग मानतात, धान्याची माणसं आणि गुरांची माणसं. वर चेरंगनी डोंगरात मका, बटाटे आणि गार हवा. खाली बाभळी, शेळ्या, मधूनच उंट आणि डोक्यावर आग ओकणारं ऊन. 2019 च्या जनगणनेत केनियात पावणेआठ लाखांवर पोकोट होते, आणि त्यांतले गळाभर मणी घालून फोटोत दिसणारे थोडेच.

सुरुवात कापेन्गुरियाच्या संग्रहालयापासून करा. पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांवर ब्रिटिशांनी 1952-53 मध्ये इथे खटला चालवला. मुद्दाम इतक्या आडगावात, म्हणजे गर्दी जमायला नको. त्यांच्या कोठड्या अजून बघता येतात. बचावाच्या वकिलांत दिल्लीहून नेहरूंनी पाठवलेले दिवाण चमनलाल होते आणि फिट्झ डिसूझा हे गोवेकर कुटुंबातले तरुण वकीलही होते. हे वाचून आमच्यातला एक मडगावकर उगाचच ताठ चालायला लागला. याच आवारात पोकोट घरांचे नमुने आणि रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. त्या आधी पाहिल्या की पुढे बाजारात काय दिसतंय ते कळतं.

बाजार म्हणजे चेपारेरियाचा. गुरांच्या बाजाराचा वार किटाले किंवा कापेन्गुरियाला लागून असलेल्या माकुतानोतच विचारून घ्या आणि त्या दिवशी सकाळी लवकर पोचा. म्हातारे हातात एक छोटं लाकडी बसकं घेऊन हिंडतात. बसायला तेच आणि झोपताना उशाला तेच. सौदा ठरेपर्यंत कुणाला घाई नसते. गाय म्हणजे इथे नुसता पैसा नव्हे. लग्नात मुलीच्या माहेरच्यांना गुरं द्यावी लागतात, आणि ती बापाच्या गोठ्यात न राहता नातेवाइकांत वाटली जातात. शिवाय शहाणा माणूस आपली सगळी गुरं एका जागी ठेवत नाही. काही दूरच्या मित्रांकडे देतो, त्यांची काही आपल्याकडे घेतो. या देवघेवीच्या नात्याला ते तिल्या म्हणतात. दुष्काळ, रोगराई किंवा दरोडा आला तरी सगळा कळप एकदम जात नाही. आपल्याकडचे बँकवाले समोर बसून ऐकतील असा हिशेब आहे!

वाटाड्याच्या ओळखीतून एका घरी गेलो, तिथे दूध प्यायलो. वाळलेल्या लांबट भोपळ्याच्या आत क्रोम्वो नावाच्या झाडाची राख घालून मुरवलेलं ते दूध. घरच्या बाईने आधी भोपळा आतून घासून साफ केला, जळकं लाकूड आत फिरवलं आणि निखाऱ्याची बारीक पूड भिंतींना चोळली. दूध बाहेर येतं ते फिकट निळसर करडं, दाट आणि आंबट, त्यात धुराचा वास. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, पण दुसरा घोट मागून घ्यावासा वाटतो. पोट नाजूक असेल तर मात्र वाटीभरावर थांबा.

त्या बाईच्या कमरेला कवड्या शिवलेला चामडी पट्टा होता, लेकेत्यो. आईच्या या पट्ट्यात लेकराला राखण्याची ताकद असते अशी श्रद्धा आहे. पूर्वी मुलगा शत्रूची गुरं पळवायला निघाला की आईचा पट्टा घरी त्याच्यासाठी बांधलेला असायचा. तंटे मिटवायला कोक्वो, म्हणजे झाडाखाली भरणारी वडीलधाऱ्यांची बैठक, आजही भरते. अशी बैठक दिसली तर दुरून जा, कॅमेरा पिशवीत ठेवा. इतरत्रही फोटो विचारून काढा आणि पैसे आधी ठरवा. सुंतेच्या विधींबद्दल कुतूहल दाखवू नका. मुलींची सुंता केनियात 2011 पासून कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यावर गावागावात वाद चालू आहेत.

आता सुरक्षेचं. शेजारची तुर्काना जमात आणि पोकोट यांच्यातली गुरांची चोरी आता बंदुकांनी चालते. फेब्रुवारी 2023 मध्ये सरकारने ज्या सहा काउंटींत (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत) अशांत पट्टे जाहीर केले, त्यांत हीच काउंटी, वेस्ट पोकोटही होती. टेगला लोरूपे ही इथलीच धावपटू, 1994 ची न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणारी. तिने पुढे शांततेसाठी संस्था काढून शर्यती भरवल्या, ते यासाठीच. म्हणून महामार्ग सोडून आत जायचं तर स्थानिक माणूस सोबत हवाच. तो पोलिसांना विचारून ‘नको’ म्हणाला तर नको. टियाटी आणि केरिओ खोऱ्याच्या बाजूला आम्ही फिरकलो नाही.

जायला डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. पावसात डोंगर खचतात, नोव्हेंबर 2019 मध्ये इथे दरडींखाली कितीतरी माणसं गेली. किटालेहून माकुतानोला मटाटू, म्हणजे तिथल्या वडापच्या गाड्या, सतत सुटतात, पुढे मात्र ताटकळावं लागतं, म्हणून गाडी ठरवलेली बरी. सिमकार्ड पासपोर्ट दाखवून घ्या आणि एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याची सोय, चालू करा, लहान टपरीवरही तेच चालतं. शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. मक्याच्या पिठाची उगाली म्हणजे आपल्या उकडीचीच घट्ट, बिनफोडणीची बहीण. सोबत सुकुमा विकीची पालेभाजी, घेवडा, चपाती आणि चहा मिळतो. सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नका, 2017 पासून तिथे त्यांच्यावर बंदी आहे. जाण्याआधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, काढा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड परतीच्या वाटेवर हातातल्या पिशवीतच ठेवा. मुंबईत उतरल्यावर ते दाखवता आलं नाही तर थेट विलगीकरणात ठेवतात.