सरांची ट्यूब

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिलं’ यावर पानभर लिहा, असं पत्र आलं. प्रार्थना, स्नेहसंमेलन, दहावीचा निकाल यांवर बाकीचे लिहितीलच. मी फक्त सरांबद्दल लिहिणार. कोणते सर, हे आमच्या बॅचला सांगायला नको. गळ्यातली शिट्टी आणि पांढरे कॅनव्हासचे बूट म्हटलं की पुरे.

आम्ही नाशिकच्या पंचवटीतली पोरं पोहायला शिकलो ती गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर. गांधी तलावात मुटका मारायचा, पाणी जितकं उंच उडेल तितकी उडी भारी. सरांनी आम्हाला त्र्यंबक रस्त्यावरच्या सावरकर तलावावर नेलं आणि पहिल्याच सकाळी ही सगळी मर्दुमकी मोडीत काढली. काठावरच्या ज्या ठोकळ्यावरून सूर मारायचा, त्याच्याकडे पाठ करून ते उभे राहायचे. आम्ही एकेक करून सूर मारायचो आणि नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, “मांड्या आपटल्या.” “हनुवटी वर होती.” “गुडघे दुमडलेस, गाढवा.” क्वचित काहीच बोलायचे नाहीत. ती शाबासकी.

हात ज्या भोकातून पाण्यात शिरले त्याच भोकातून डोकं, कंबर आणि पाय गेले पाहिजेत, हे ते रोज सांगत. आम्हाला पटायचं, पण जमायचं नाही. शेवटी एका सकाळी त्यांनी स्वतःच्या सायकलच्या मागच्या चाकाची ट्यूब काढली, हवा भरली, कुणाचं पोट खरचटू नये म्हणून व्हॉल्व्हला रुमाल गुंडाळला आणि ठोकळ्यापासून तीनेक मीटरवर लेनच्या दोरीला सुतळीने बांधली. “यातून जा.” पहिला गेला तो सुतळी तोडून, ट्यूब कमरेत अडकवून थेट पलीकडच्या काठाला निघाला. सरांना पोटभर हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी ते सायकल हातात धरून रविवार कारंजा, होळकर पूल करत पंचवटीपर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी सायकलला नवी ट्यूब होती. जुनी आमच्याकडेच राहिली.

सूर मारून पाण्यात शिरतानाचा वेग अख्ख्या शर्यतीत सर्वांत जास्त असतो, पुढे कितीही हात मारले तरी तो परत मिळत नाही. पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट. अंग वेडंवाकडं शिरलं की कमाई तिथेच संपते. म्हणून ‘टेक युवर मार्क्स’ला कंबर वर, नजर खाली, बोटांनी ठोकळ्याची कड घट्ट धरलेली. आत शिरल्यावर तळहातावर तळहात, दंड कानांना चिकटलेले आणि वर यायची अजिबात घाई नाही. आता फ्रीस्टाईलला 15 मीटरच्या आत डोकं बाहेर काढावंच लागतं. आमची पोरं मात्र पाच मीटरवरच श्वासासाठी वर यायची.

सूर मारण्याआधी सर ठोकळ्याखाली बांबू घालून पाणी मोजायचे. नियमाला तिथे किमान 1.35 मीटर खोली चालते, सरांना तेवढ्यावर भरवसा नव्हता. गंगेत तर डोक्यावर सूर मारायला कडक बंदी. पूर ओसरल्यावर तळातले दगड कुठे सरकलेत, ते गंगेलाच ठाऊक.

2010 मध्ये कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकलं. 1986 च्या खजानसिंग यांच्या रौप्यानंतर पोहण्यातलं भारताचं ते पहिलंच एशियाड पदक. सरांनी मला फोन केला आणि अभिनंदन माझंच असल्यासारखं बोलत राहिले. “50 मीटरला सूर चुकला की भरून काढायला पाणीच उरत नाही,” हे दोनदा ऐकवलं.

आज अंबडला माझं मशीन शॉप आहे, बरं चाललंय. मुलगी राज्य पातळीवर पोहते. तिच्या वेळचे ठोकळे वेगळे, मागच्या पायाला टेकू द्यायला तिरकी पट्टी असलेले. बीजिंग ऑलिम्पिकपर्यंत ही पट्टी नव्हती. परवा तिच्या सुराचा व्हिडिओ सरांना दाखवायला नेला. त्यांनी मोबाइलचा आवाज वाढवायला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, “मागचा गुडघा.” स्लो मोशनमध्ये बघितलं तर खरंच, मागचा पाय पाण्यात शिरताना वाकलेला! तिच्या महागड्या कोचला हे महिनाभर दिसलं नव्हतं.

शाळेची उन्हाळी पोहण्याची बॅच बंद झाल्याचं कळलं. जबाबदारी कुणी घ्यायची, ही अडचण मलाही समजते. तरी वाईट वाटलंच. एवढे माजी विद्यार्थी जमताय, तर त्या दिवशी हा विषय काढाच. ठोकळे लागले तर माझ्या शॉपमध्ये करून देतो, पट्टीसकट. आणि सरांचा सत्कार व्यासपीठावर ठेवू नका. त्या पायऱ्या आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, आणि कुणी हात धरलेला त्यांना चालत नाही.